ग्रेटफुल डेड ऐकायचंय? आधी गाणं धरा, तारीख मागाहून

ग्रेटफुल डेडची पहिली मैफल शोधायला बसलो तेव्हा माझी अर्धी रात्र फुकट गेली. मित्राचा निरोप आला होता, "५/८/७७ ऐक, बाकी सध्या काही नको." मी इमानदारीत ५ ऑगस्ट १९७७ शोधत बसलो. सापडेना. सापडणार कशी? त्या उन्हाळ्यात ड्रमर मिकी हार्टला मोटार अपघात झाला होता आणि ९ जूननंतर थेट ३ सप्टेंबरपर्यंत बँडचा एकही कार्यक्रम झाला नाही. मित्राची तारीख अमेरिकन रीतीची होती. महिना आधी, दिवस मागून. म्हणजे ८ मे १९७७, न्यूयॉर्क राज्यातलं इथका गाव, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल.

तर पहिली सूचना हीच. या बँडच्या जगात सगळा व्यवहार तारखांवर चालतो. जुने भक्त गाण्यांबद्दल कमी आणि तारखांबद्दल जास्त बोलतात, आणि नवखा माणूस तिथेच गांगरतो. म्हणून पुढचं सगळं लिहितो आहे.

तोंडओळख

१९६५ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये हा बँड जमला. जेरी गार्सिया लीड गिटार आणि गाणं, बॉब वियर रिदम गिटार आणि गाणं, फिल लेश बेस, बिल क्रॉइट्समन ड्रम, आणि पिगपेन या टोपणनावानं ओळखला जाणारा रॉन मॅककर्नन ऑर्गन, हार्मोनिका आणि गाणं. १९६७ मध्ये मिकी हार्ट दुसरा ड्रमर म्हणून आला. ९ ऑगस्ट १९९५ ला गार्सिया गेला आणि बँड थांबला. या तीस वर्षांत त्यांनी सुमारे २,३०० कार्यक्रम केले. रोज रात्री गाण्यांची यादी वेगळी, आणि तेच गाणं आलं तरी त्याची लांबी नि वळणं वेगळी.

गंमत अशी की स्टुडिओत हे लोक कधी फारसे खुलले नाहीत. अमेरिकेच्या पहिल्या दहांत त्यांचं एकच गाणं गेलं, 'टच ऑफ ग्रे', तेही १९८७ मध्ये. खरा बँड रंगमंचावर होता आणि तो टेपांवर उरला आहे.

कानानं काळ ओळखायची एक सोपी खूण सांगतो: कीबोर्डकडे लक्ष द्या. ठणठणीत पियानो ऐकू आला तर कीथ गॉडशॉ, म्हणजे १९७१ ते १९७९ च्या सुरुवातीपर्यंतचा काळ. हॅमंड ऑर्गन आणि सोबत खरखरीत, कळवळून गाणारा आवाज असेल तर ब्रेंट मिडलंड, १९७९ ते १९९०. महिन्याभरात तुम्ही तारीख न बघता दशक सांगू लागाल.

पायरी पहिली: एकच गाणं धरा

'सर्वोत्तम मैफल कोणती?' या प्रश्नापासून सुरुवात करू नका. तीन तासांचं रेकॉर्डिंग लावायचं, विसाव्या मिनिटाला लक्ष उडायचं आणि मग 'एवढं काय आहे यात?' म्हणून बंद करायचं, असं हमखास होतं. माझंही झालं.

त्यापेक्षा एक गाणं निवडा आणि तेच चार-पाच वेगवेगळ्या रात्रींचं ऐका. आपल्याला हे नवं नाही. बंदिश चार ओळींची असते, पण एकाच गायकाची तीच बंदिश दोन वेगळ्या मैफलींत ऐकली की बंदिश किती आणि त्या रात्रीचं किती, हे कळायला लागतं. तुलना मात्र यापुढे ताणू नका. इथे एक गायक आणि बाकीची साथ असा मामला नसतो. सहा-सात जण एकाच वेळी बोलत असतात आणि कुणी कुणाचं ऐकायचं हे दर मिनिटाला बदलत असतं.

माझी शिफारस 'स्कार्लेट बिगोनियाज' आणि त्याला जोडून येणारं 'फायर ऑन द माउंटन'. यादीत ही जोडी 'स्कार्लेट > फायर' अशी दिसेल. मधला बाण म्हणजे गाणं न थांबवता पुढच्यात शिरले. डेडच्या याद्या वाचताना हे एकच चिन्ह शिकलात तरी पुष्कळ. जिथे बाण, तिथे मजा.

क्रम असा ठेवा. आधी १९७४ च्या 'फ्रॉम द मार्स हॉटेल' या अल्बमवरचं 'स्कार्लेट' ऐका. चारेक मिनिटांचं, उड्या मारत जाणारं गाणं. दोनदा ऐकून चाल डोक्यात बसू द्या. मग १९७४ च्याच एखाद्या कार्यक्रमातलं. 'फायर'चा तेव्हा पत्ता नव्हता, त्यामुळे गाणं संपल्यावर बँड वाजवत राहतो, पण कुठे जायचं ते ठरलेलं नसतं. आणि मग कॉर्नेल, ८ मे १९७७.

दुसऱ्या सत्राची सुरुवात लावा. पुढच्या रांगेत चेंगराचेंगरी झालेली असावी, कारण गाण्याआधी माइकवरून लोकांना एक पाऊल मागे सरका म्हणून सांगणं चाललं आहे. मग 'स्कार्लेट' सुरू. शब्द संपले की घड्याळाकडे नव्हे, फिल लेशकडे लक्ष द्या. हा बेस सहसा पाया धरून बसत नाही, गिटारशी गप्पा मारत हिंडतो. गार्सियाच्या छोट्या छोट्या ताना चाललेल्या असतात, बँडची गायिका डॉना गॉडशॉ हिचा आवाज तरंगत येतो-जातो, आणि हळूहळू सगळं दोनच कॉर्डवर झुलायला लागतं. कुठल्या तरी क्षणी बेस हिंडणं सोडून एक ठरावीक आवर्तन धरतो. तोच उंबरठा. 'फायर' कधी सुरू झालं ते बोट ठेवून सांगता येत नाही, पण झालेलं असतं. दोन्ही गाणी मिळून पंचवीसेक मिनिटं.

हे ऐकताना लक्षात ठेवा की ही जोडी तेव्हा दोन महिन्यांचीही नव्हती. 'फायर' पहिल्यांदा वाजलं १८ मार्च १९७७ ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये, आणि तेही 'स्कार्लेट'लाच जोडून.

आता त्याची एक आधीची गोष्ट, आपल्या जवळची. 'फायर'ची मूळ चाल 'हॅपिनेस इज ड्रमिंग' नावाच्या तालवाद्यांच्या रचनेत आहे. ती १९७६ च्या 'डिगा रिदम बँड' या अल्बमवर सापडते. त्या बँडमध्ये मिकी हार्टसोबत तबल्यावर होते आपल्या माहीमचे झाकिर हुसेन, आणि अल्बमवर गार्सियाची गिटारही आहे. हार्ट १९६७ पासून अल्लारखाँसाहेबांच्या तालमीच्या प्रभावाखाली होता. तेव्हा कॉर्नेलच्या आधी ती रचनाही ऐकून घ्या. ओळखीचं माणूस परदेशी लग्नात भेटल्यासारखं वाटतं.

शेवटी ब्रेंटच्या काळातलं कोणतंही 'स्कार्लेट > फायर' ऐका. ऑर्गननं रंग बदललेला असतो, गार्सियाचा आवाज जाडा झालेला असतो आणि उंबरठा भलत्याच ठिकाणी येतो. इथवर पोचलात की पुढचं आपोआप होतं.

पायरी दुसरी: मात्रा मोजा

आपल्या कानाला ही वाट सोपी जाते. कॉर्नेलमध्येच 'फायर'नंतर 'एस्टिमेटेड प्रॉफेट' येतं. ते सातात आहे. रूपक ऐकलेल्या माणसाला ठेका पकडायला मिनिटही लागत नाही. 'प्लेइंग इन द बँड' दहाचं. 'दि इलेव्हन' नावाप्रमाणे अकराचं, १९६८-६९ मध्ये ऐकायला मिळतं. टाळी देत ऐका, घरचे हसले तर हसू द्या. 'प्लेइंग'ची सर्वांत लांब नोंद २१ मे १९७४ ची, सिएटलची. सुमारे ४६ मिनिटं. पहिल्या महिन्यात तिच्या वाटेला जाऊ नका.

पायरी तिसरी: बोर्डाचं की प्रेक्षकातलं?

एकाच रात्रीची सहा-सात रेकॉर्डिंग सापडतात आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा. असं का, ते समजून घेतलंत तर निवड सोपी होते.

'एसबीडी' म्हणजे साउंडबोर्ड. सभागृहातल्या मिक्सरमधून थेट टेपवर गेलेला आवाज. स्वच्छ, जवळचा, प्रत्येक वाद्य वेगळं. पण लक्षात घ्या, मिक्सर सभागृहातल्या लोकांसाठी चालवलेला असतो, टेपसाठी नाही. रंगमंचावर जे वाद्य आधीच मोठ्यानं वाजतंय ते मिक्सरमध्ये कमी ठेवतात, म्हणून लहान सभागृहातल्या बोर्ड-टेपेत गाणाऱ्यांचे आवाज मोठे आणि एखादी गिटार गायब, असं होतं. टाळ्या तर कुठून तरी शेजारच्या वाड्यातून आल्यासारख्या.

'एयूडी' म्हणजे प्रेक्षकातलं. चाहत्यांनी उंच दांड्यांवर माइक लावून केलेलं. यात सभागृह ऐकू येतं, लेशचा बेस छातीत बसतो, आणि 'मॉर्निंग ड्यू'च्या शेवटी हजारो लोक एकदम ओरडतात तेव्हा अंगावर काटा येतो. सोबत शेजाऱ्याची बडबड, शिट्ट्या आणि 'श्शू' करणारा टेपवालाही फुकट मिळतो. सवाई गंधर्वच्या मंडपात मागच्या रांगेत बसून ऐकल्यासारखं. 'मॅट्रिक्स' म्हणजे कुणीतरी नंतर दोन्ही जुळवून केलेली खिचडी. चांगली जमली असेल तर तिच्यासारखं काही नाही.

नवख्यानं बोर्डापासून सुरुवात करावी, हे खरं. पण तिथेच राहू नये. १९८० च्या दशकातले काही कार्यक्रम बोर्डावर कोरडे ठणठणीत लागतात आणि प्रेक्षकातल्या टेपवर जिवंत होतात.

या माइकवाल्यांना बँडनं हाकललं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. सुरुवातीला लपूनछपून चालायचं, मग डोळेझाक झाली. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये बर्कलीच्या कार्यक्रमांपासून तर मिक्सरच्या मागे टेपवाल्यांसाठी राखीव जागा आणि वेगळी तिकिटं सुरू झाली. मागेच का? पुढे माइकांचं जंगल झालं की ध्वनियोजकाला रंगमंच दिसेना! टेपांची देवाणघेवाण पैशाशिवाय व्हायची. कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपालखर्च पाठवा, भरलेल्या कॅसेटी घरी येतील. विकणारा माणूस त्या जगात वाळीत पडायचा.

बोर्ड-टेपांचं एक वेगळं घराणं आहे, 'बेटी बोर्ड्स'. बेटी कँटर-जॅक्सन या बँडच्या ध्वनिमुद्रक. त्या मिक्सरचा उरलासुरला आवाज घेत नसत, टेपसाठी वेगळं मिश्रण बसवत. १९८६ मध्ये गोदामाचं भाडं थकलं आणि त्यांच्या हजाराहून जास्त टेपांचा लिलाव झाला. भलत्याच लोकांनी त्या विकत घेतल्या, आणि त्यातून कॉर्नेल बाहेर पडलं. एवढी देखणी टेप हातोहात पसरली नसती तर ८ मे इतका गाजला असता का, मला शंका आहे. पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०११ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत ते रेकॉर्डिंग घेतलं आणि २०१७ मध्ये ते अधिकृतपणे निघालं. त्याच संचात ५ मे न्यू हेवन, ७ मे बॉस्टन आणि ९ मे बफेलोही आहेत. ९ मेचं 'हेल्प ऑन द वे > स्लिपनॉट > फ्रँकलिन्स टॉवर' मला कॉर्नेलच्या तोडीचं वाटतं. हे मोठ्यानं बोललं की वाद होतो.

पायरी चौथी: मिळवायचं कुठून

इंटरनेट आर्काइव्हवर या बँडची दहा हजारांहून जास्त रेकॉर्डिंग आहेत, फुकट. एक मेख आहे. २००५ पासून बोर्डाची रेकॉर्डिंग तिथे फक्त ऐकता येतात, उतरवून घेता येत नाहीत. प्रेक्षकातली उतरवता येतात. याचा व्यवहारातला अर्थ मला खंडाळ्याच्या घाटात कळला. डेक्कन क्वीनमध्ये पुणे ते मुंबई एक अख्खा कार्यक्रम नेमका बसतो, म्हणून मी ऐटीत बोर्ड-टेप लावली आणि बोगदे सुरू झाल्यावर गार्सियाच्या तानेचे तुकडे तुकडे झाले. प्रवासासाठी प्रेक्षकातलं रेकॉर्डिंग आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून ठेवा. नाहीतर अधिकृत अल्बम घ्या.

अधिकृत मालिकांत दोन नावं पुरेत. 'डिक्स पिक्स', बँडचा टेप-भांडारी डिक लाटवाला याच्या नावानं, १९९३ ते २००५, एकूण ३६ भाग. आणि २०१२ पासून चालू असलेली 'डेव्ह्ज पिक्स', लाटवालाच्या जागी आलेल्या डेव्हिड लेमिअच्या निवडीची. पहिला विकत घ्यायचा असेल तर 'डिक्स पिक्स'चा आठवा भाग घ्या. २ मे १९७०, बिंगहॅम्टनचं हार्पर कॉलेज. आधी नुसत्या लाकडी गिटारींवरचं निवांत सत्र, मग विजेचं. बँडच्या दोन्ही तऱ्हा एकाच रात्री.

आर्काइव्हवर प्रत्येक रेकॉर्डिंगखाली एक टिपण असतं. टेप कुठून कशावर उतरली, किती पिढ्या झाल्या (म्हणजे नकलेची नकल किती वेळा निघाली), कुठलं गाणं मध्येच तुटलं. पिढ्या कमी तेवढी खरखर कमी. ९० मिनिटांच्या कॅसेटची बाजू ४५ मिनिटांत संपते आणि रंगात आलेल्या गाण्याला त्याचं काही सोयरसुतक नसतं. म्हणून तुटकी गाणी भेटतील. चिडू नका. त्याच रात्रीचं दुसरं रेकॉर्डिंग बघा.

सुराबद्दल

हे आधीच सांगून टाकतो, कारण आपल्याकडच्या माणसाची पहिली तक्रार हीच असते. हे लोक बेसूर गातात. होय, गातात. तिघं मिळून गायला लागले की एक हमखास घसरतो. 'प्लेइंग'मधल्या डॉनाच्या किंकाळ्या सवय होईपर्यंत सोसाव्या लागतात. रंगमंचावर स्वतःचा आवाज धड ऐकू येत नसताना गाणं म्हणजे काय, हे मांडवात गायलेल्याला विचारा. गार्सिया ओळीच्या ओळी विसरतो. १९७४ मध्ये तर 'वॉल ऑफ साउंड' नावाची स्पीकरांची भिंतच पाठीमागे उभी असायची. तिचा आवाज माइकात शिरू नये म्हणून दोन-दोन माइक उलट जोडलेले असत, आणि त्यापायी त्या वर्षीचे गळे टेपवर पातळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे लागतात. वादन मात्र त्या वर्षीसारखं क्वचितच. गळ्याला माफ करा आणि गिटारींचं संभाषण ऐका. हळव्या, संथ गाण्यांत गार्सियाचा तोच फाटका आवाज असा काही लागतो की माफीही राहत नाही मनात.

कोणती वर्षं

सुरुवातीला तीनच: १९७२, १९७७ आणि १९९० चा वसंत. १९७२ च्या युरोप दौऱ्याचे सगळे २२ कार्यक्रम निघालेले आहेत. गाणी नवी, बँड ताजातवाना, पिगपेन अजून सोबत. १९७७ नीटनेटकं, कोवळ्या उन्हासारखं. १९९० मध्ये २९ मार्चला नासाऊ कोलिझियममध्ये सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिस पाहुणा म्हणून आला. त्यातलं 'आइज ऑफ द वर्ल्ड' ऐका आणि पाहुणा घरच्यासारखा कसा वावरतो ते बघा.

१९८४-८५ मध्ये गार्सियाची तब्येत आणि आवाज दोन्ही ढासळत होतं. १९८६ च्या जुलैत तो मधुमेहानं कोमात गेला, डिसेंबरात पुन्हा उभा राहिला. १९९३ नंतरचं मी क्वचित लावतो.

१९७८ पासून दुसऱ्या सत्राच्या मध्यावर 'ड्रम्स' आणि 'स्पेस' येतं. दोघा ड्रमरांची जुगलबंदी, मग बाकीच्यांचे नुसते आवाज, ना चाल ना ताल. नव्या माणसानं खुशाल पुढे ढकलावं. पाप लागत नाही.

शेवटची पायरी: 'डार्क स्टार'

हे गाणं मुद्दाम मागे ठेवलं. १९६८ मध्ये ते तीन मिनिटांच्या आतलं रेकॉर्ड होतं, १९६९ च्या 'लाइव्ह/डेड' अल्बमवर तेवीस मिनिटांचं झालं. शब्द मूठभर, बाकी सगळा आलाप. पहिल्याच दिवशी ऐकलंत तर पळून जाल. दोनेक महिन्यांनी, कान तयार झाल्यावर, २७ ऑगस्ट १९७२ चं ऑरेगनमधल्या व्हेनेटाचं लावा.

कार्यक्रम कशासाठी होता? एक दुग्धालय अडचणीत होतं, त्याच्या मदतीसाठी. तिकिटं दह्याच्या डब्यांच्या लेबलांवर छापलेली. माळरानावर रणरणतं ऊन, इतकं की गिटारी सुरात राहीनात. वाजवणारे मध्ये मध्ये थांबून तारा जुळवत बसलेले टेपवर ऐकू येतात. ऊन कलल्यावर 'डार्क स्टार' सुरू होतं. अर्धा तास. मध्ये ताल विरघळतो, बेस एकटा फिरून येतो, गार्सिया गिटारीतून काय वाटेल ते ओरबाडून काढतो, आपण कुठे आहोत हे आपल्यालाही कळेनासं होतं. हेडफोन लावून, दिवा मालवून ऐका. आणि त्या सगळ्या धुक्यातून, एक क्षणही न थांबता, बॉब वियर 'एल पासो' हे काउबॉयचं गाणं सुरू करतो, घोडा नि मद्यालय नि बंदूक सगळ्यासकट. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्री दीड वाजता मी अंधारात एकटाच मोठ्यानं हसलो, आणि आतल्या खोलीतून बायकोनं विचारलं, "कोणाचा फोन आहे?"